पकड बसत नव्हती

त्या डॉक्टरांनी माझ्या ओंकारला आधी तपासलंच नाही. "सगळे कागद आणलेत ना? मग तारखेप्रमाणे लावा," म्हणाले आणि तपासायच्या टेबलावरची चादर सरळ करून दिली. मी पिशवी उपडी केली. साडीच्या दुकानाची मोठी पिशवी होती, तिचे बंद दोनदा तुटले होते. पावणेचार वर्षांच्या पोराचे कागद टेबलावर मावेनात, म्हणून एक्स-रे खुर्चीवर ठेवले.

आम्ही इचलकरंजीचे. घरी चार यंत्रमाग, खाली माग आणि वर आम्ही. ओंकार २०१४चा. पहिले सहा महिने तो इतका गुटगुटीत होता की शेजारणी मला दृष्ट काढायला सांगायच्या. नवव्या महिन्यात कान फुटला. वर्षाचा व्हायच्या आत न्यूमोनिया, सात दिवस सलाईन. दीड वर्षाचा असताना उजवा गुडघा एका रात्रीत लाल होऊन सुजला, पाय टेकेना, भूल देऊन गुडघ्यातला पू काढला. अडीच वर्षांचा असताना पुन्हा न्यूमोनिया, आणि या खेपेला छातीत पू भरला. बरगड्यांमधून नळी घातली तेव्हा मी बाहेर बाकावर बसून भिंतीवरच्या फरश्या मोजत होते. मधल्या काळात कान किती वेळा वाहिला ते मोजायचं मी सोडून दिलं होतं. उशीला पिवळा डाग दिसला की ड्रॉप काढायचे.

प्रत्येक वेळी डॉक्टर वेगळे, दवाखाना वेगळा. प्रत्येक जण म्हणायचा, होतं लहान मुलांना. कोणी मागातल्या धुरळ्याला दोष दिला, कोणी माझं दूध कमी पडलं म्हणालं. छातीतल्या पूनंतर एका मोठ्या दवाखान्यात टीबीचं औषध सुरू केलं. टीबीचा जंतू कुठल्याच तपासणीत सापडला नव्हता, पण सारखा छातीचा त्रास आणि वजन वाढत नाही म्हटल्यावर "देऊन बघू" झालं. सहा महिने रोज सकाळी उपाशीपोटी. त्याची लघवी केशरी व्हायची आणि तो ती मोठ्या कौतुकाने सगळ्यांना दाखवायचा. टीबीचं औषध चालू असतानाच परत न्यूमोनिया झाला, तेव्हा नणंदेच्या ओळखीने आम्ही कोल्हापुरात या डॉक्टरांकडे पोचलो.

ते एकेक कागद वाचत होते. मग लाल पेन काढलं. गुडघ्यातल्या पूच्या रिपोर्टवर एक रेघ, छातीतल्या पूच्या रिपोर्टवर दुसरी. दोन्हीकडे एकच नाव छापलेलं होतं, स्ट्रेप्टोकोकस न्यूमोनी. कानातल्या पूच्या रिपोर्टवर दुसरं नाव होतं, हिमोफिलस. डॉक्टर म्हणाले, "ताई, हे दोघे एकाच जातीचे चोर. दुसरं कोणी या घरात येत नाहीये, हेच सारखे येतायत. मग कुठली खिडकी उघडी आहे ते बघायला नको?"

दोन्ही रिपोर्ट माझ्याच पिशवीत होते. एकावर एक. वर्षभर.

मग त्यांनी ओंकारला मांडीवर बसवलं, बॅटरी लावली आणि जीभ दाबली. किती तरी वेळ आत बघत राहिले. मला म्हणाले, तुम्ही पण बघा. मी बघितलं, मला काहीच दिसलं नाही. "तेच," म्हणाले, "काहीच नाही. टॉन्सिल कुठे आहेत?" एवढ्या वेळा घसा, कान, छाती बिघडलेल्या पोराच्या टॉन्सिल सुजून बोराएवढ्या व्हायला हव्या होत्या. मानेलाही एक गाठ हाताला लागत नव्हती. तोवर कितीतरी जणांनी "आ कर" म्हटलं होतं. घसा लाल आहे का एवढंच सगळे बघत होते.

तिसरी गोष्ट मला अजून छळते. टीबीच्या औषधाने यकृताला त्रास होतो म्हणून दर महिना-दोन महिन्याला रक्त तपासायचे. त्या कागदावर सगळ्यांची नजर एसजीपीटीवर, म्हणजे यकृताच्या आकड्यावर. या डॉक्टरांनी वरच्या दोन ओळींवर बोट ठेवलं. एकूण प्रथिनं ५.३, त्यातलं अल्ब्युमिन ४.१. "वजाबाकी करा." मी केली, १.२. हे उरलेलं म्हणजे ग्लोब्युलिन, आणि त्यातला मोठा वाटा प्रतिपिंडांचा, म्हणजे जंतूंना चिकटणाऱ्या प्रथिनांचा असतो. एवढा आजारी पडणाऱ्या मुलाचा आकडा चढा असायला हवा होता, तीनच्या आसपास. म्हणजे जे औषध बहुधा लागतच नव्हतं, त्या औषधासाठी काढलेल्या रक्तात उत्तर लिहिलेलं होतं. चार कागदांवर. तिसरीच्या पोराला जमेल अशी वजाबाकी.

आणि मग त्यांनी विचारलं, "तुमच्या माहेरी कोणी मुलगा लहानपणी गेलाय का?"

माझी आई माझ्या शेजारी बसली होती. ती एकदम पदर सारखा करायला लागली. माझा मोठा भाऊ १९९१ साली गेला, पाच वर्षांचा होऊन. मी तेव्हा दीड वर्षाची. घरात त्याचा एकच फोटो आहे, बेंदराला बैलासमोर उभा केलेला, आणि त्याच्या एका कानात कापसाचा बोळा आहे. त्या बोळ्याबद्दल मी कधीच विचारलं नव्हतं. आई खाली बघूनच म्हणाली, "त्याचा बी कान व्हायचा. मग छातीत कफ झाला. कोणी म्हणालं बाहेरचं हाय." पुढे ती काही बोलली नाही, परतीच्या एसटीतही नाही.

तिथून गोष्टी भराभर झाल्या. रक्तातल्या इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे प्रतिपिंडांची तपासणी आली. त्यांचे प्रकार असतात. त्यातलं आयजीजी, जे त्याच्या वयाला निदान पाचशेच्या वर पाहिजे, ते शंभरच्याही आत. आयजीए आणि आयजीएम तर मोजण्याइतकेही नाहीत. पुढची तपासणी मुंबईला. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर बसून सकाळी दादरला उतरलो, तिथून परळ. केईएमच्या आवारात, वर तेराव्या मजल्यावर नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे. लिफ्टच्या रांगेत आमचा अर्धा तास गेला आणि रक्त द्यायला दोन मिनिटं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे प्रकार मोजले तर त्यातल्या बी पेशी जवळजवळ शून्य. मग जनुकाची तपासणी, बीटीके नावाच्या जनुकात बिघाड. आजाराचं नाव एक्स-लिंक्ड अगॅमाग्लोब्युलिनेमिया. बिघडलेलं जनुक एक्स गुणसूत्रावर. बाईकडे दोन एक्स, म्हणून तिचं भागतं. मुलाकडे एकच, तोही आईकडून आलेला. माझंही रक्त तपासलं. हो, माझ्याकडूनच. मला माझ्या आईकडून.

गावात याचा अर्थ काय होतो ते बायकांना सांगायला नको. पण सासरकडून मला जे ऐकावं लागेल असं वाटलं होतं ते ऐकावं लागलं नाही, आणि त्याचं श्रेय आमच्या आबांना. माझे सासरे तरुणपणी तालमीत घाम गाळलेले, कान मोडलेले. डॉक्टर समजावून सांगत होते ते असं: या जिवाणूंच्या अंगावर साखरेच्या रेणूंचं एक बुळबुळीत आवरण असतं. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना गिळायला जातात, पण आवरणामुळे ते निसटतात. प्रतिपिंडं जाऊन त्या आवरणाला चिकटली की पेशीला धरायला जागा मिळते. बी पेशींपासून प्रतिपिंडं तयार होतात. ओंकारकडे बी पेशीच नाहीत.

मी मान डोलवत होते, कळत काही नव्हतं. आबा म्हणाले, "म्हणजे डॉक्टर, माती न्हाई."

डॉक्टरांना कळलं नाही.

"कुस्तीत घामेजलेल्या अंगावर हात ठरत न्हाई. कितीबी ताकद असू दे. म्हणून समोरच्याच्या पाठीवर, मानेवर माती टाकायची, मग पकड बसती. ह्या पोराकडं पैलवान हायत, खरं माती न्हाई."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "आबा, हे मी पुढच्या पेशंटला असंच सांगणार." त्यानंतर आमच्या घरात त्या औषधाचं नाव मातीच. "माती कधी हाय?" म्हणजे पुढची तारीख कधी.

एकदा हे कळल्यावर मागचं सगळं सुटत गेलं. पहिले सहा महिने तो का टणटणीत होता? कारण पोटात असताना नाळेतून माझी प्रतिपिंडं त्याच्या रक्तात गेली होती. ती हळूहळू संपली आणि कान फुटला. म्हणजे माझ्याकडून दोन्ही गेलं त्याला, बिघाडही आणि सहा महिन्यांची शिदोरीही. पुढे त्याला कांजिण्या आल्या त्या मात्र चारचौघांसारख्या आठवड्यात गेल्या, कारण विषाणू शिरलेल्या पेशींचा समाचार मुख्यतः टी पेशी नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी घेतात आणि त्या त्याच्याकडे ठणठणीत आहेत. टीबीचा बंदोबस्तही बराचसा त्यांच्याच हातात. टीबीचं औषध सुरू करणाऱ्यांना हे ठाऊक नसेल असं मला म्हणायचं नाही. त्यांच्यासमोर अंथरलेली फाइल नव्हती, एक खोकणारं पोर होतं.

न्यूमोकोकसची, म्हणजे त्याच स्ट्रेप्टोकोकस न्यूमोनीची लस तर आम्ही खासगीत पैसे मोजून दिली होती. तेव्हा ती सरकारी लसीकरणात नव्हती. पण लस म्हणजे शरीराकडून प्रतिपिंडांची तालीम करून घेणं. तालीम करणाराच नसेल तर काय होणार? सगळे डोस कागदावर वेळच्या वेळी आहेत, शिक्क्यांसकट.

उपचार ऐकायला सोपा आहे. जे शरीर बनवत नाही ते बाहेरून द्यायचं. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेलं इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून सोडायचं, दर तीन-चार आठवड्यांनी, आयुष्यभर. ऑग्डेन ब्रुटन नावाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी १९५२ साली आठ वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहिलं होतं. त्याच्या रक्तात पुन्हा पुन्हा न्यूमोकोकस सापडायचा आणि गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडांचा भाग, मात्र अजिबात नव्हतं. त्यांनी ते दर महिन्याला कातडीखाली टोचून दिलं आणि मुलाचे आजार थांबले. माझा भाऊ गेला तेव्हा त्या गोष्टीला एकोणचाळीस वर्षं झाली होती. हे मी आईला सांगितलेलं नाही.

पहिल्या दिवशी ओंकारचं वजन तेरा किलो होतं, म्हणजे पाच ग्रॅमची एक बाटली. सिस्टरांनी बाटली फ्रीजमधून काढून टेबलावर ठेवली, म्हणाल्या, "खोलीच्या तापमानाला येऊ दे, आणि हलवू नका हं, फेस होतो." आत पाणीच असावं तसं स्वच्छ द्रव. ते सुरुवातीला अगदी थेंब थेंब सोडतात, अर्ध्या अर्ध्या तासाने ताप, नाडी, रक्तदाब बघून थोडं थोडं वाढवतात. दुसऱ्या तासाला त्याला हुडहुडी भरली. मी ओरडलेच. सिस्टरांनी वेग कमी केला, ब्लँकेट टाकलं, पॅरासिटामॉल दिलं आणि म्हणाल्या, "पहिल्यांदा होतं. पुढच्या वेळेला आदल्या दिवशी भरपूर पाणी पाजून आणा." त्या दिवसापासून आदल्या दिवशी शहाळं ठरलेलं.

जिथे हे औषध सोडतात ती डे-केअरची खोली माझी शाळा. मुंबईच्या फेऱ्या होत्या त्या काळात तिथे वेगवेगळी पोरं यायची आणि आया आपापसात बोलायच्या. एका मुलाला बीसीजी दिल्यावर काखेत गाठ होऊन फुटली होती, पुढे यकृतात पू झाला, त्यात स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू. त्याच्याकडे प्रतिपिंडं भरपूर. त्याच्या पांढऱ्या पेशी जंतूला धरायच्या, गिळायच्या, पण आत घेऊन मारता येत नव्हतं. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज. म्हणून त्याला रोज सेप्ट्रान हे अँटिबायोटिक आणि बुरशीवरचं औषध, आणि शेणामातीत, सडक्या पानात खेळायला बंदी. आबांच्या हिशेबात हा पकड बसलेला पण चीत करता न येणारा पैलवान. एक कॉलेजातली मुलगी होती, तिला दोनदा मेंदूज्वर झालेला, दोन्ही वेळेला मेनिन्गोकोकस या एकाच जंतूचा. तिच्या रक्तात कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांच्या साखळीतली शेवटाकडची एक कडी नव्हती. बाकी तिला साधी सर्दीसुद्धा आमच्या पोरांपेक्षा कमी. आणि एक गृहस्थ, अपघातात प्लीहा फुटली म्हणून काढलेली. मोठं माणूस, पण भीती ओंकारच्याच जंतूची, कारण आवरणवाले जिवाणू रक्तातून गाळून काढायचं मोठं काम प्लीहेचं. ताप आला की त्यांनी वाट बघायची नाही, खिशातली अँटिबायोटिकची गोळी घेऊन थेट दवाखाना.

"प्रतिकारशक्ती कमी आहे" हे वाक्य मला तेव्हापासून चालत नाही. कमी म्हणजे काय? ती काही टाकीतल्या पाण्याची पातळी नाही. काय नाही ते विचारा, म्हणजे कोण येणार ते कळतं. आणि कोण येतंय ते बघितलं तर काय नाही ते कळतं, आमच्या डॉक्टरांना कळलं तसं. च्यवनप्राश, गुळवेल, अमुक काढा सुचवणारे अजून भेटतात. मी हो म्हणते.

सगळं निस्तरलं असंही नाही. निदानाला उशीर झाला त्याची खूण ओंकारच्या डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात कायमची राहिली आहे. तिथल्या नळ्या रुंद झाल्यात, त्यात कफ साचतो. रोज सकाळी शाळेच्या आधी वीस मिनिटं पालथं झोपवून पाठ थापटायची, मग फुंकणीचा व्यायाम. आता हे काम आबांकडे. ते पाठ थापटतात तेव्हा खाली मागांचा आवाज आणि वर यांचा, एकाच तालात.

पैशाचं थोडक्यात. औषध किलोवर ठरतं. बाकी आयांना पोराचं वजन वाढलं की आनंद होतो, मला आनंद होतो आणि त्याच क्षणी पोटात गोळा येतो. एका बाटलीच्या दोन झाल्या, आता अकराव्या वर्षी अठ्ठावीस किलोला तीन. दोन माग विकले. थोडी मदत ट्रस्टांकडून मिळते, अर्ज दर वेळी नव्याने. छापील किंमत आणि प्रत्यक्ष मिळणारी किंमत यात एवढा फरक असतो हेही मला चौथ्या वर्षी कळलं. तोवर मी छापील किंमत देत होते. २०२०च्या टाळेबंदीत आधी जाता येईना, मग बाटली मिळेना. सात आठवडे कोरडे गेले आणि सातव्या आठवड्यात न्यूमोनिया. प्लाझ्मा माणसांच्याच हातातून येतो, कारखान्यात पिकत नाही, हे तेव्हा अंगावर आलं. यांनी त्यानंतर दर वर्षी १५ ऑगस्टला मागवाल्यांचं रक्तदान शिबिर चालू केलंय. त्यातलं ओंकारला थेट काही मिळत नाही, तरीपण.

पोलिओचा रविवार वेगळाच. तोंडातून देतात त्या डोसात जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो. बाकीची पोरं तो पचवून टाकतात, पण प्रतिपिंडं नसलेल्या मुलाच्या आतड्यात तो महिनोन्‌महिने राहून बदलू शकतो आणि खरा पोलिओ करू शकतो. ओंकारने निदानाआधी किती डोस घेतले होते देव जाणे. निदान झाल्यावर त्याची शी तपासायला पाठवली होती, ती स्वच्छ आली तोपर्यंत मी त्याचे पाय रोज रात्री चाचपून बघत होते. त्याला डोस नाहीच, पण घरातल्या दुसऱ्या मुलालाही नाही, कारण विषाणू शौचातून पसरतो. त्याची बहीण आता चार वर्षांची. तिला पोलिओचं इंजेक्शन दिलंय, ज्यात विषाणू मेलेला असतो. पण घरोघरी फिरणाऱ्या ताईंच्या वहीत इंजेक्शनचा रकाना नसतो. त्या करंगळीवर शाईची खूण बघतात. खूण नाही म्हणून आमच्या दारावर खडूने एक्स, शेजारच्या सगळ्या दारांवर पी. एकदा चाळीतल्या बाई म्हणाल्या, शिकलेली माणसं अशी, मग गरिबांना काय सांगणार. मी फाइल दाखवली. बाईंनी फाइल वाचली नाही, पण चहा घेऊन गेल्या.

गेल्या खेपेला नवीन ताई आल्या होत्या. मी आत भाकरी थापत होते. दारात ओंकारच बोलत होता, "तिला नका देऊ, मला चालत नाही म्हणून तिलाही चालत नाही. आमच्या दारावर एक्स करा. दर वर्षी करतात." मोठा शहाणा. मग विचारतोय, "मी काढू का?"

त्यानेच काढलाय. वेलांटी दिल्यासारखा एक पाय लांब.

हे लिहिते आहे तो तेविसावा दिवस. बाहेरून दिलेली आयजीजी साधारण तीन आठवड्यांत निम्मी होते, आणि आकडा न तपासताही मला ते कळतं. सकाळी तो नेहमीपेक्षा उशिरा उठला, नाक वाहतंय, शाळेतून आल्यावर डबा अर्धा परत. तीन बाटल्या फ्रीजमध्ये मधल्या कप्प्यात दुधाच्या पातेल्यामागे आहेत. बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवायच्या नाहीत, गोठल्या की गेल्या. परवा शुक्रवार. आबांनी शहाळं सांगून ठेवलंय.